आधी उडी, मग नमस्कार

अण्णा, मी विमानातून उडी मारली. हे एवढंच सांगायचं म्हणून कागद घेतला आणि पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अगं, आधी गाडी कुठली ते सांग, मग उतरल्याचं सांग." तर सांगते. विमान नवीन आहे, माणसं नेणारं आहे, आणि इतकं मोठं आहे की पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती इमारतच वाटली. दुमजली आहे. खाली माणसं, वर माणसं, मधे जिना. तुमच्या एसटीच्या किती गाड्या त्यात बसतील म्हणून मोजायला गेले आणि कंटाळून सोडून दिलं. ते अजून प्रवासी घेऊन उडालेलं नव्हतं. रिकामं उडालं होतं, वजन भरून उडालं होतं, वाऱ्यात उडालं होतं, ओल्या धावपट्टीवर ब्रेक दाबून बघितले होते, सगळ्यात पास. एकच परीक्षा राहिली होती आणि ती आपल्या ओझरला व्हायची होती. त्या परीक्षेला मी बसले, अण्णा. चौथी नापास बाई, पण या परीक्षेला बसले.

परीक्षा अशी की विमान माणसांनी गच्च भरायचं. बाहेर अंधार, आत अंधार. अर्धी दारं उघडायचीच नाहीत, आणि ती कोणती हे आतल्या कुणाला सांगायचं नाही. मग एकदम इशारा द्यायचा, आणि दीड मिनिटाच्या आत आतला प्रत्येक माणूस बाहेर जमिनीवर दिसला पाहिजे. दिसला तर विमान पास. नाही दिसला तर ते कितीही चांगलं उडू दे, त्याला माणसं न्यायची परवानगी नाही. आणि माणसं खरी पाहिजेत. कंपनीतली, कवायत केलेली चालत नाहीत. गाडीत जशी असतात तशीच पाहिजेत, म्हातारी, तरणी, जाडी, बारीक, आणि त्यात पन्नाशीच्या पुढच्या बायका असल्याच पाहिजेत असा नियम आहे. तिथंच त्यांचं अडलं. पन्नाशीची बाई विमानातून घसरगुंडीवर उडी मारायला कुठून आणायची? द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडून मजूर नेणारा एक ठेकेदार आहे, त्याला कुणीतरी गाठलं, आणि त्यानं मला फोन लावला. मी दिंडोरीकडच्या बागांमधून बायकांची टोळी चालवते, हे तुम्ही गेल्यानंतरचं आहे, तुम्हाला माहीत नाही. छाटणीला, विरळणीला, माल तोडायला बायका लागल्या की लोक मलाच सांगतात.

"आक्का, पन्नाशीच्या वरच्या बायका पाहिजेत," तो म्हणाला.

"कशाला? लग्न लावतो काय त्यांचं?"

"विमानातून उतरायला."

"आणि चढायला?"

"चढायचं पण आहे. पण मेन उतरायचंय."

मी फोन कानाला लावून बागेतच हसत उभी राहिले. आजपर्यंत प्रत्येक बागवाल्यानं मला विचारलेलं आहे, बायका तरण्या आहेत ना, हात चालतो ना. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हाताऱ्या मागत होतं. मी त्याला तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. मग त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आक्का, एक सांगतो. तुमच्या बायका वरच्या मजल्यावर बसवणार आहेत, सगळ्या एका दाराच्या जवळ. तिथं अडकलं की विमान अडकलं. साहेब लोक मला धरणार आणि मी तुम्हाला." मी म्हणाले, धर. अडकणारी बाई मी टोळीत ठेवतच नाही.

बागांची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकली होती, बायका जरा मोकळ्या होत्या. तरी गोळा करायला घाम निघाला. एकीला वाटलं दुबईला नेऊन विकणार. एक म्हणाली, माझा मुलगा म्हणतो आई, तू आधी घरची पायरी नीट उतर. आमच्या घरी यांनी पेपर खाली न ठेवताच सांगितलं, "गुडघे बघ आधी आपले." मी म्हणाले, गुडघे माझे आहेत, पेपर तुमचा आहे, ज्यानं त्यानं आपलं बघावं. मोठ्या जाऊबाई मात्र ओट्यापाशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी येते." साठी कधीच उलटलेली बाई, लिफ्टमध्ये पाय ठेवायला घाबरते. मी विचारलं, तुम्ही कशाला? तर म्हणतात, "तू चाललीस ना? मग तुझ्यावर लक्ष कोण ठेवील? धसमुसळी कुठली."

धसमुसळी. हा तुमचाच शब्द, अण्णा, जाऊबाईंपर्यंत कसा गेला कोण जाणे.

तुम्हाला ते येवल्याचं आठवत असेलच. तुम्ही येवल्याच्या गाडीवर कंडक्टर होतात आणि शाळा सुटलेली मी रोज तुमच्या मागं गाडीत. मला अक्षरं गाडीनंच शिकवली. मास्तरांपुढं जे वाचता आलं नाही ते मी तुमच्या गाडीत उभ्या उभ्या वाचलं. धूम्रपान करू नये. हात बाहेर काढू नये. आणि मागच्या दारावर लाल रंगात सगळ्यात लांब ओळ, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. मला किती दिवस वाटायचं, संकटकाळी हे गाव आहे. पुढच्या पाटीवर 'येवला, मार्गे निफाड' असायचं ना, तसं काहीतरी असेल. एकदा भरल्या गाडीत मी तुम्हाला मोठ्यानं विचारलं, "अण्णा, आपली गाडी संकटकाळीला कधी जाणार?" अख्खी गाडी हसली. तुम्ही नाही हसलात. तिकिटाला चिमटा मारता मारता म्हणालात, "न जावो, बाई. कधीच न जावो."

आणि मग तो बाजाराचा दिवस. येवल्याच्या स्टँडवर गाडी लागलेली आहे, दारातून उतरणारे उतरू शकत नाहीत कारण चढणारे आधीच पायरीवर आहेत, एकाच्या डोक्यावर कांद्याची गोणी, एकाच्या कडेवर पोर, आणि सगळे एकमेकांना म्हणतायत उतरू द्या, उतरू द्या. मी मागच्या कोपऱ्यात. मला उकडतंय, मला लघवीला लागलीय, मला धीर नाही. मी लाल दांडा ओढते, दार धाडकन उघडतं आणि मी खाली. माझ्या मागून दोन गडी उड्या मारतात. आणि ते दिसताच खालचे लोक त्याच दारानं आत चढायला लागतात. गोणी आत, कोंबड्या आत, बिनतिकिटाची माणसं आत. तुम्हाला गाडी परत रिकामी करायला लागली. पहिली शिवी ड्रायव्हरनं मला दिली, दुसरी तुम्हाला. तुम्ही मला मारलं नाहीत. दंडाला धरून बाजूला नेलं आणि म्हणालात, "ते दार संकटासाठी आहे. तुझ्या घाईसाठी नाही."

त्या रात्री चुलीपाशी आई भाकरी टाकत होती, तुम्ही जेवत होतात आणि मी कोपऱ्यात फुगून बसले होते. मला वाटलं होतं विषय संपला. तुम्ही घास खाली ठेवलात आणि माझ्याकडे न बघता सांगितलंत की दार उघडणं सोपं आहे, त्यात काय, दांडा ओढला की उघडतं. उघडल्यावर माणूस दारात थांबतो, ते अवघड. आतून धडपडत येतो आणि बाहेर पाय टाकायच्या आधी थांबतोच. पिशवी बघतो, चप्पल बघतो, मागं कोण राहिलं बघतो. कंडक्टरचं काम त्याला थांबू न देणं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला दारात बघायला लागले. तुम्ही खालच्या पायरीच्या बाजूला उभे राहायचात, म्हाताऱ्या बाईच्या कोपराला खालून हात द्यायचात आणि प्रत्येकाला तेच म्हणायचात, उतरा, मागं बघू नका, उतरा. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसता हात आणि आवाज.

तर आता ओझर. सकाळी दोन जीप भरून आम्ही गेलो. तुमच्या वेळी त्या बाजूनं लढाऊ विमानं गेली की आईची फळीवरची भांडी वाजायची, आठवतं? तिकडंच, एका भल्यामोठ्या शेडमध्ये ते उभं होतं. ज्या बायका बागेत दिवसभर एक मिनिट तोंड मिटत नाहीत त्या सगळ्या माना वर करून गप्प. एक हळूच म्हणाली, "अगं बया, हे उडतं?" दुसरी म्हणाली, "आपल्याला काय करायचंय, आपल्याला उतरायचंय." आणि मला अण्णा, हसू आवरेना, रडू आवरेना, नक्की काय ते कळेना. लहानपणी तुम्ही दोन घंट्या मारल्या आणि गाडी हलली की व्हायचं ना, तसं झालं.

तयारीतच अर्धा दिवस गेला. साड्या चालणार नाहीत म्हणून सगळ्यांनी लेकी-सुनांचे पंजाबी ड्रेस घातलेले, कुणाचा बाहीत तटतटलेला, कुणाचा ढगळ. एकसारखे कापडी बूट दिले, अंगावर नंबरची बंडी चढवली. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, जी तुम्ही गाडी मागं घेताना वाजवायचात तीच, मी टोळीला हाक मारायला वापरते. म्हणाले आत फक्त विमानातल्या लोकांच्याच खुणा चालतात. मग बांगड्यांवरून अडलं. काचेची बांगडी फुटली तर रबराची घसरगुंडी फाटेल, काढा. बायका म्हणाल्या, मोकळ्या हातानं बसणार नाही, विमान राहू द्या. काढा म्हणणारी कंपनीची पोरगी दिल्लीकडची होती, तिला समजेना की एवढ्या मोठ्या परीक्षेत बांगडीचं काय. मी म्हणाले, बाई, चिकटपट्टी आण. मग दवाखान्याची पांढरी पट्टी आणली आणि सगळ्यांचे हात मनगटापासून वर गुंडाळले. सगळ्याजणी हात मोडल्यासारख्या दिसायला लागल्या.

मग लहान मुलांच्या बाहुल्या वाटल्या. खरी मुलं घेता येत नाहीत म्हणून तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच वजनाच्या. एक जाऊबाईंच्या वाट्याला आली. त्यांनी ती घेतली आणि लगेच डोकं खांद्यावर घेऊन थोपटायला लागल्या. मी म्हणाले, जाऊबाई, बाहुली आहे ती. तर डोळे वटारून म्हणाल्या, "हळू बोल. झोपलंय."

चढताना जिना होता, उतरताना नसणार होता. वरच्या दाराशी पोचलो आणि माझ्या पुढची पहिली बाई वाकली. उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेली. दुसरी वाकली. तिसरी वाकली. नवी गाडी आहे, आपण आत पाय ठेवतोय, मग नमस्कार नको? मी पण केला. दाराजवळ एक गोरे साहेब उभे होते, परीक्षा घेणारे, त्यांनी त्या दिल्लीच्या पोरीला विचारलं की ह्यांचं काही खाली पडलंय का. पोरीनं मला विचारलं. मी म्हणाले, काही पडलेलं नाही, पाया पडतायत. साहेबांना ते कसं समजलं देव जाणे, पण थोड्या वेळानं आत जाताना तेही वाकले आणि उंबऱ्याला दोन बोटं लावली. बायका खूश. मीही खूश. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता, पण नाही पडला.

आत बसवलं, पट्टे आवळले. मधल्या वाटेवर उशा, पिशव्या, घोंगड्या मुद्दाम टाकून ठेवल्या. दारादाराला उभ्या असलेल्या विमानातल्या पोरींना मी कंडक्टर म्हणायला लागले, त्यांना पण ते आवडलं. आमच्या दाराला जी होती ती आमच्या नातीच्या वयाची, ओठ घट्ट मिटलेले. खिडक्या झाकल्या, दिवे बारीक केले. आणि बसवून ठेवलं. नुसतं बसवून ठेवलं, अण्णा! इशारा कधी होणार ते सांगायचं नाही असा नियम. मी पट्ट्यात चुळबुळ करायला लागले. भीतीनं नाही, बसून. जाऊबाई शेजारी बाहुलीला थोपटतायत. मी म्हणते, हे लोक झोपले का काय. त्या म्हणतात, "तुला शांत बसवायला वेगळं विमान काढायला लागंल."

आणि फट्.

सगळा अंधार. खाली वाटेवर काजव्यासारखे दिवे, बस. आणि पोरींचा आरडाओरडा सुरू, पट्टा खोलो, इधर आओ, सामान छोडो. मी पट्टा सोडते, उठते, उशीवर पाय पडतो, कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडात, सगळी हवा घामाची, आणि मला, खरं सांगते, इतका आनंद झालाय की ओरडावंसं वाटतंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळे माझ्याच वेगानं चाललेत. पलीकडचं दार उघडलं नाही, तिकडचे लोक आमच्याकडे वळले. आमचं उघडलं. फुस्स करून ती घसरगुंडी फुगली आणि बाहेर शेडच्या काळोखात खाली गेली, कुठं गेली दिसेना. जाऊबाई माझ्या पुढं. कंडक्टर पोरगी ओरडतेय, कूदो, कूदो. जाऊबाई दारात पोचल्या, बाहुली छातीशी, आणि थांबल्या.

आणि वाकल्या.

उंबऱ्याला हात लावायला.

मला तिथं सगळं एकदम दिसलं. आत येताना वाकलेल्या सगळ्या बायका माझ्या मागं आहेत. एवढ्या उंचावरून काळोखात उडी मारायची, कुठली बाई देवाचं नाव न घेता मारेल? एक वाकली की मागची बघणार, मग तीही वाकणार, मग तिच्या मागची. प्रत्येकीचा एक नमस्कार. दीड मिनिटात किती नमस्कार बसतात? मागून अख्खा मजला माझ्या पाठीवर येऊन आदळला होता आणि माझा गुडघा उचललेला होता, अण्णा, ढकलायला. माझी जुनी सवय. पण वाकलेली म्हातारी, हातात लेकरू, डोक्यावर आपटली असती. लेकरू म्हणतेय मी, बघा, माझ्या पण मनात ते लेकरूच होतं. मी गुडघा खाली घेतला. त्यांच्या कोपराला खालून हात घातला, सरळ उभं केलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "उतरा, मागं बघू नका, उतरा." इतक्या मऊ आवाजात मी आयुष्यात कुणाशी बोललेले नाही. जाऊबाई "अगं आई गं" म्हणून बसल्या आणि गेल्या. त्यांच्यामागं मी.

खाली कशी आले ते विचारू नका. पोट वर राहिलं आणि मी खाली आले. खालच्या माणसांनी उठवलं आणि म्हणाले, बाजूला व्हा, पुढं चला. मी वर बघितलं. दारात पोरीच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडात पुढची बाई दिसली, आणि ती वाकत होती. मग मी अण्णा, तुमचा मऊपणा ठेवला बाजूला. कमरेवर हात ठेवले आणि बागेच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ओरडते तशी ओरडले, "ए! पाया पडायचं नाय! आधी उडी मारा, मग पाया पडा!"

वरून हसल्याचा आवाज आला. अंधारात, त्या गोंधळात, बायका हसल्या. ती बाई सरळ झाली आणि आली. मागची आली. वरची पोरगी हुशार, तिनं लगेच माझं उचललं, "पाया नहीं पडना, कूदो! पाया नहीं पडना!" मग दोघी दोघी यायला लागल्या, ढगळ ड्रेस फुगलेले, पांढरे हात वर, कुणी देवीचं नाव घेत, कुणी नवऱ्याला शिव्या देत. मी खालून ओरडतेय, एक माणूस माझा दंड धरून मला ओढतोय, मी त्याला म्हणतेय, थांब रे, माझी टोळी आहे ती.

दिवे लागले. शेवटचा माणूस खाली होता का, वेळ संपली होती का, कुणी काही सांगेना. आम्हाला बाहेर मांडवात बसवलं, ताक दिलं. बायकांचं सगळ्यांचं एकदम चाललेलं, माझा बूट, तुझी ओढणी, मी कशी आले, तू कशी पडलीस. जाऊबाई बाहुली परत द्यायला तयार नव्हत्या, म्हणाल्या आधी पास का नापास ते सांगा. माझ्याकडे ठेकेदार आला, तोंड उतरलेलं. म्हणाला, "आक्का, काय केलंत हे? आतल्या माणसानं हुकूम द्यायचे नसतात. साहेब लोक आत भांडतायत, हे धरायचं का नाही म्हणून." माझ्या हातातलं ताक तसंच राहिलं. थांबलेल्या बाईमुळे नाही तर माझ्या तोंडामुळे ते विमान नापास होणार होतं. अण्णा, त्या वेळी मला वाटलं, ही जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, आणि लगेच वाटलं, घेईना तर मी आत जाऊन त्या साहेबांना दोन शब्द सुनावते. मी उठलेच होते.

तेवढ्यात ते गोरे साहेब स्वतः बाहेर आले, मागं ती दिल्लीची पोरगी. कोण ओरडलं, विचारलं. मी म्हणाले, मी. काय ओरडलात? मी सांगितलं. पोरीनं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी काहीतरी विचारलं आणि ती हसायला लागली. म्हणाली, "मौसी, ते विचारतायत, पाया कोणाच्या?" मी म्हणाले, विमानाच्या. साहेब विमानाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू काहीतरी सांगितलं आणि पोरगी मला सांगताना मधेच थांबली, तिचे डोळे भरले होते, ती परीक्षा तिची पण होती ना. म्हणाली, ते म्हणतायत, खऱ्या संकटात पण माणसं ओरडतातच. ओरडलेलं धरलंय. आणि वेळेत आहे. अगदी काठावर, पण वेळेत आहे. पास.

मग काय विचारता. बायकांनी त्या पोरीला मधे घेऊन फुगडी घातली, कापडी बुटांत. जाऊबाई बाहुलीला घेऊन विमानाकडे चालत गेल्या, तिथल्या शिपायानं अडवलं, तर त्याला म्हणाल्या, "बाबा, राहिलेला नमस्कार करायचाय." बाकीच्या पण गेल्या मागून. त्या शिपायानं शेवटी हात जोडले, पण चाकाला हात लावू दिला नाही. लांबूनच केला सगळ्यांनी.

माझं तुमच्याशी भांडण आहे ते असं. तुम्ही म्हणालात ते दार घाईसाठी नाही. आता ह्या लोकांनी मला मुद्दाम घाईसाठीच तिथं बसवलं. पण दारात जाऊबाई वाकल्या तेव्हा हात तुमचा पुढं आला, माझा नाही. ओरडणं मात्र माझं. तेव्हा निम्मं तुमचं, निम्मं माझं असं मी ठरवून टाकलंय, तुमची हरकत असेल तर सांगायला तुम्ही इथं नाही.

आता दिवाळी होऊन गेली. त्या विमानाला माणसं न्यायची परवानगी मिळाली आणि उद्या ते मुंबईहून पहिल्यांदा खरे प्रवासी घेऊन उडतंय. कंपनीनं परीक्षेतल्या काही जणांना त्या पहिल्या फेरीत बसवायचं ठरवलं, आणि आमच्या टोळीतून मी आणि जाऊबाई. उतरायला नाही, अण्णा. दिल्लीला जायला. यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, दिल्लीत काय करणार? मी म्हणाले, काही नाही, परत येणार. मुंबईला जायला पहाटेची गाडी आहे, पिशव्या भरून झाल्यात, जाऊबाईंनी दशम्या बांधल्यात जणू विमानात उपाशी ठेवणार आहेत. मला झोप येणार नाही म्हणून हे लिहितेय. टाकणार कुठं? लिहून झालं की घडी करून तुमच्या फोटोमागं सरकवीन, तिथं कुणी झाडत नाही.

एक आहे. तुमच्या गाडीत मला खिडकी कधी मिळाली नाही. तिकीट काढलेलं माणूस आलं की तुम्ही म्हणायचात, ऊठ, ती त्यांची जागा आहे, आणि मी दांड्याला धरून उभी. उद्याच्या आमच्या दोन जागांत एक खिडकीची आहे. जाऊबाई मोठ्या आहेत, मान त्यांचा आहे, त्यांनी नवा चष्मा पण करून घेतलाय बाहेरचं बघायला. मला सगळं कळतं. तरी खिडकीत मीच बसणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.